पानावरची फ्रेंच आणि कानावरची फ्रेंच: एका पदवी अभ्यासक्रमाचे परीक्षण

फ्रेंच भाषा, साहित्य आणि संस्कृती या विषयातला तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. प्रवेश घेताना भाषेचे एक अक्षरही येत नव्हते. आज मी फ्रेंच कादंबरी शब्दकोश बाजूला ठेवून वाचू शकते, आणि तरीही दोन फ्रेंच माणसे आपसांत भरभर बोलू लागली की माझा धागा तुटतो. या दोन गोष्टी एकाच अभ्यासक्रमातून कशा निपजल्या, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. महाविद्यालयाचे नाव देत नाही, कारण पुढे येणाऱ्या उणिवा मला आखणीतल्या वाटतात आणि शिकवणाऱ्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

माझे मत आधीच नोंदवते. साहित्याचे अध्यापन उत्कृष्ट होते, भाषेचे अध्यापन निम्मे उत्कृष्ट होते, आणि संस्कृतीचा विषय, एक अपवाद वगळता, निराशाजनक होता. या तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे असे मला वाटते. लिहिली जाणारी फ्रेंच आणि बोलली जाणारी फ्रेंच यांच्यात मोठे अंतर आहे. अभ्यासक्रम पहिल्या वर्षी त्या अंतराची वाच्यता करत नाही, दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्याला त्यात ढकलतो आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस, जवळजवळ चुकून, त्याचे स्पष्टीकरण हाती देतो.

पहिल्या वर्षाची सुरुवात उच्चारशास्त्राने झाली आणि ती फार चांगली झाली. ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची ठेवून काढायचा स्वर, पडजिभेजवळ घासत येणारा ‘र’, एकमेकांपासून वेगळे ठेवायचे अनुनासिक स्वर, शब्दाच्या अंती मुके असलेले व्यंजन पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की जागे होते तो जोड, या सगळ्यावर आमच्या प्राध्यापिकांनी सहा आठवडे खर्च केले. त्या वेळी हा वेळ जास्त वाटला होता, पण पुढच्या तीन वर्षांत त्या सहा आठवड्यांइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही झाला नाही. नव्या विद्यार्थ्याने कोणताही अभ्यासक्रम निवडताना उच्चारासाठी स्वतंत्र तासिका आहेत का, हे अवश्य विचारावे.

त्यानंतर धातू चालवणे सुरू झाले. येथे फ्रेंच लेखनाचा स्वभाव पहिल्यांदा दिसतो. ‘बोलणे’ या अर्थाच्या धातूची ‘मी बोलतो’, ‘तू बोलतोस’ आणि ‘ते बोलतात’ ही तिन्ही रूपे कानाला ‘पार्ल’ अशी एकच ऐकू येतात, पण कागदावर तिघांचे शेपूट वेगळे असते. एकवचन आहे की अनेकवचन, हे कानाला कळण्याआधी डोळ्याला कळते. म्हणूनच श्रुतलेखनाला या भाषेच्या शिक्षणात इतके महत्त्व आहे: ऐकलेल्या वाक्यात न ऐकू येणारे व्याकरण लिहून दाखवायचे असते. आमच्याकडे दर शुक्रवारी श्रुतलेखन होत असे, आणि ते कधीही चुकवले गेले नाही याबद्दल मी विभागाचे मनापासून आभार मानते.

व्याकरणाच्या बाबतीत एका संधीचा मात्र कोणी वापर केला नाही. आमचे पाठ्यपुस्तक जगभरातल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले असल्यामुळे ते कोणत्याच एका मातृभाषेचा आधार घेत नव्हते, आणि वर्गातही तो घेतला जात नसे. फ्रेंच भूतकाळात गतिवाचक क्रियापदांचे कृदंत कर्त्याप्रमाणे बदलते, तर इतर बहुतेक क्रियापदांचे कृदंत, कर्म आधी आले असेल तर, कर्माप्रमाणे बदलते. हा नियम इतर भाषांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे छळतो. ज्याच्या तोंडी ‘ती गेली’, ‘तो गेला’ आणि ‘मी पत्र लिहिले’, ‘मी चिठ्ठी लिहिली’ ही वाक्ये लहानपणापासून आहेत, त्याला यातला विचार परका नाही. आपल्या कर्तरी आणि कर्मणी प्रयोगांशी त्याचे साम्य अगदी जवळचे आहे. कर्म क्रियापदाच्या नंतर आले तर फ्रेंचमध्ये हा मेळ राहत नाही, एवढाच फरक लक्षात ठेवायचा. मला हे दुसऱ्या वर्षी स्वतःहून उमगले, आणि तोवर मी त्या नियमावर गुण गमावत राहिले. लिंगाच्या बाबतीतही तसेच. मराठीत तीन लिंगे असल्यामुळे दोन लिंगांची भीती वाटण्याचे कारण नाही. अडचण एवढीच की आपले नपुंसकलिंगी टेबल तिकडे स्त्रीलिंगी असते आणि आपले नपुंसकलिंगी पुस्तक तिकडे पुल्लिंगी.

आता उणिवेकडे येते. पहिल्या वर्षी जी फ्रेंच आम्ही शिकलो ती नीटनेटकी, पूर्ण वाक्यांची, नकारार्थी क्रियापदाच्या मागे आणि पुढे असे दोन्ही नकारशब्द पाळणारी फ्रेंच होती. प्रत्यक्ष बोलताना यातला पहिला नकारशब्द बहुतेक वेळा गळून पडतो. ‘मला माहीत नाही’ यासाठी आम्ही चार शब्द शिकलो होतो; बोलणारा त्याचे ‘शे पा’ असे दोन झटक्यांत काम उरकतो. ‘आम्ही’साठी आम्ही जे सर्वनाम आणि जी लांब क्रियारूपे घोकली, त्यांच्या जागी रोजच्या बोलण्यात ‘ओं’ हे सर्वनाम येते, आणि त्याच्यासोबत क्रियापद एकवचनी राहते. ही अशिष्ट भाषा नव्हे. सुशिक्षित माणसे घरात, कार्यालयात, मुलाखतीत अशीच बोलतात. आम्हाला हे कोणी शिकवले नाही इतकेच नव्हे, तर असे काही आहे हेही सांगितले नाही. पहिल्या सत्राच्या शेवटी मी प्रथमच फ्रेंच नभोवाणीवरची एक गप्पांची मुलाखत ऐकली आणि आपण दुसरीच कोणती तरी भाषा शिकत आहोत की काय, अशी शंका मनात आली. त्या रात्रीची निराशा मला अजून आठवते.

भाषा प्रयोगशाळा होती, हेडफोनही होते, परंतु आठवड्याच्या एका तासिकेत पाठ्यपुस्तकाचे ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकवले जाई, आणि ते ध्वनिमुद्रण अभिनेत्यांनी सावकाश वाचलेले होते. मला खरी मदत झाली ती आरएफआय या फ्रेंच नभोवाणी संस्थेच्या सोप्या फ्रेंचमधल्या दहा मिनिटांच्या बातमीपत्राची. त्यात रोजच्या बातम्या असतात, गती खरी असते, कठीण शब्द बोलता बोलता उलगडले जातात, आणि सोबत लिखित संहिताही मिळते. ज्यांना अभ्यासक्रमातली ही पोकळी स्वतः भरायची आहे त्यांनी पहिल्या महिन्यापासून ते ऐकावे, दुसऱ्या वर्षाची वाट पाहू नये.

अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात तीन वर्षांच्या शेवटी विद्यार्थी बी-२ पातळीवर पोचेल असे म्हटले होते. ही पातळी युरोपीय परिषदेने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहा पायऱ्यांच्या चौकटीतली आहे: ए-१ पासून सी-२ पर्यंत. फ्रेंच सरकारची डेल्फ ही परीक्षा बी-२ पर्यंतच्या पातळ्यांसाठी आणि दाल्फ ही त्यावरच्या दोन पातळ्यांसाठी असते. माहितीपत्रकातले विधान खोटे नाही, पण अर्धवट आहे. डेल्फमध्ये ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चारही कौशल्यांना सारखेच, प्रत्येकी 25 गुण असतात, तर आमच्या विद्यापीठीय परीक्षेत ऐकण्या-बोलण्याचा वाटा नाममात्र होता. साहजिकच माझे वाचन आणि लेखन त्या पातळीच्या पुढे गेले, श्रवण मागे राहिले. फ्रान्समध्ये पुढील शिक्षण घेण्याचा विचार असेल तर हा असमतोल प्रवेशाच्या वेळीच ध्यानात घ्यावा.

दुसऱ्या वर्षी साहित्य सुरू झाले आणि पहिल्याच उताऱ्यात एक असा काळ भेटला जो आम्ही कधी पाहिला नव्हता. त्याचे नाव पासे सँपल, म्हणजे साधा भूतकाळ. पण तो साधा नाही. बोलण्यातून तो केव्हाच गेला आहे, आणि तरी कथा-कादंबऱ्यांत, इतिहासलेखनात, मुलांच्या परीकथांतसुद्धा तो नांदतो. पुराणकथांतला ‘राजा बोलता झाला’ हा प्रयोग मराठी वाचकाला खटकत नाही, परंतु ‘मी काल बसने येता झालो’ असे कोणी म्हणाले तर सगळे त्याच्याकडे वळून पाहतील. फ्रेंच कानाला बोलण्यातला पासे सँपल काहीसा तसा लागत असावा. आम्हाला या काळाची रूपे दोन दिवसांत पाठ करायला सांगितली गेली आणि तिसऱ्या दिवशी सतराव्या शतकातल्या गद्याचे वाचन सुरू झाले. वर्गातल्या काही जणांनी या आठवड्यात हिंमत सोडली. पहिल्या वर्षाच्या अखेरीस चार सोप्या परीकथा वाचायला दिल्या असत्या तर हे सहज टळले असते.

आणि नेमक्या याच काळामुळे मला या अभ्यासक्रमातला सर्वांत मोठा आनंद मिळाला. आल्बेर कामूची 1942 सालची ‘लेत्रांझे’ (म्हणजे ‘परका’) ही कादंबरी आमच्या पाठ्यक्रमात होती. ती वाचायला सोपी गेली आणि ती का सोपी जाते आहे, हे आधी लक्षात आले नाही. प्राध्यापकांनी पहिल्या पानावरची क्रियापदे फळ्यावर लिहायला लावली. कथनासाठी अपेक्षित असलेला पासे सँपल तेथे नव्हता. त्याच्या जागी होता पासे कोंपोझे, म्हणजे आम्ही पहिल्या महिन्यात शिकलेला, रोजच्या बोलण्यातला भूतकाळ. कादंबरी प्रामुख्याने त्यातच लिहिली आहे. तत्त्वज्ञ-लेखक सार्त्रने 1943 मध्ये या कादंबरीवर लिहिताना या काळाच्या निवडीकडे लक्ष वेधले होते, हेही त्यांनी सांगितले. एका घटनेतून दुसरी घटना उगवते असे पासे सँपल भासवतो. येथे प्रत्येक वाक्य सुटे, आपल्यापुरते उभे राहते, आणि निवेदकाचा सगळा तुटकपणा त्या व्याकरणात आहे. त्या तासिकेनंतर मी क्रियापदाचा काळ ही घोकायची गोष्ट मानणे सोडले. लेखक तो निवडतो, आणि वाचकाने त्याची दखल घ्यायची असते.

ही शिकवण्याची पद्धत म्हणजे ‘एक्सप्लिकासियों द तेक्स्त’, अर्थात संहितेचे विवरण. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्युस्ताव्ह लांसों या अभ्यासकाच्या प्रभावाने ती फ्रेंच शिक्षणात रुजली. वीस-पंचवीस ओळींचा उतारा घ्यायचा, तो मोठ्याने वाचायचा, कृतीत त्याचे स्थान सांगायचे, तो कोणत्या गतीने पुढे सरकतो ते दाखवायचे, आणि मग ओळीओळीने, शब्दाशब्दाने तो उलगडायचा. लेखकाच्या चरित्राने सुरुवात करण्याची मला शाळेपासून सवय होती. येथे ती सवय पहिल्याच आठवड्यात मोडावी लागली. उत्तरात ‘भाषा ओघवती आहे’ असे लिहिले की प्राध्यापक समासात एवढेच लिहीत: ‘कोठे?’ त्या एका शब्दाने माझे मराठी वाचनही बदलले.

कवितेच्या तासिका तितक्याच समृद्ध होत्या. सतराव्या शतकातला नाटककार रासिन याची नाटके बारा अक्षरांच्या ओळीत आहेत, आणि ती ओळ साधारणपणे सहा-सहा अशी मध्यावर दुभंगते. येथे लघु-गुरूचा हिशेब नाही, केवळ अक्षरांची मोजणी आहे. ज्याने सहा-सहा-सहा-चार असा मोठा अभंग म्हटला आहे त्याला हे लगेच पटते. बोलताना मुका असणारा शेवटचा स्वर फ्रेंच पद्यात, पुढे व्यंजन आल्यास, मोजला जातो आणि हलकेच उच्चारला जातो: ‘बेल रोझ’ या दोन झटक्यांच्या शब्दांची पद्यात ‘बे-ल-रो-झ’ अशी चार अक्षरे होऊ शकतात. आपणही ‘घर’ हा शब्द बोलताना एका झटक्यात उरकतो आणि अभंगात त्याची दोन अक्षरे मोजतो. बोलण्यातून हरवलेला स्वर कवितेने सांभाळून ठेवावा, ही गोष्ट दोन्ही भाषांत घडली आहे हे कळल्यावर मला रासिन परका वाटेनासा झाला.

या बारा अक्षरांच्या शिस्तीचे महत्त्व कळल्यावरच व्हिक्टर ह्यूगोच्या ‘एर्नानी’ या नाटकाचा गोंधळ समजतो. 25 फेब्रुवारी 1830 रोजी पॅरिसच्या कोमेदी-फ्रांसेझ या नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला, आणि सुरुवातीलाच ‘जिना’ हा शब्द एका ओळीच्या शेवटी आणि त्याचे ‘गुप्त’ हे विशेषण पुढच्या ओळीच्या आरंभी आले. एवढ्याशा कारणावरून प्रेक्षागृहात खडाजंगी व्हावी, हे संदर्भाविना वाचले तर हास्यास्पद वाटते. अभिजात ओळ कानात मुरल्यानंतर मात्र तो जिना खरोखर पायाखालून सरकल्यासारखा वाटतो. प्राध्यापकांनी आधी तीन आठवडे रासिन म्हणून घेतला आणि मगच ह्यूगोला हात घातला, हा क्रम फार विचारपूर्वक लावलेला होता.

साहित्याच्या भागात माझी तक्रार एकच: उताऱ्यांचा अतिरेक. फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’ची आम्ही तीन प्रकरणे वाचली. या कादंबरीवर 1857 मध्ये खटला झाला आणि लेखक निर्दोष सुटला. त्याच वर्षी त्याच सरकारी वकिलाने, एर्नेस्त पिनारने, बोदलेरच्या कवितासंग्रहावरही खटला चालवला आणि त्यातल्या सहा कवितांवर बंदी आली, जी 1949 मध्येच उठली. हे सारे आम्हाला सांगितले गेले. परंतु पात्राच्या मनातले विचार निवेदकाच्या वाक्यात मिसळून टाकण्याची फ्लोबेरची हातोटी, जिच्यामुळे हे शब्द कोणाचे असा प्रश्न न्यायालयापुढेही उभा राहू शकला, ती तीन प्रकरणांत पुरती जाणवत नाही. मी पूर्ण कादंबरी सुट्टीत वाचली आणि तेव्हाच त्या खटल्याचा अर्थ लागला. एका सत्रात सहा कृतींचे उतारे देण्याऐवजी दोन कृती संपूर्ण वाचून घ्याव्यात, असे मी अभ्यासमंडळाच्या प्रतिसादपत्रात लिहिले आहे.

विनामूल्य साधनांविषयी थोडक्यात. आमच्या ग्रंथालयात फ्रेंच पुस्तके कमी होती, पण दोन साधनांनी ती उणीव जाणवू दिली नाही. पहिले, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘गालिका’ हे 1997 मध्ये सुरू झालेले अंकीय ग्रंथालय, ज्यात जुन्या आवृत्त्या आणि वर्तमानपत्रे मूळ पानांसह पाहता येतात. दुसरे, ‘त्रेझोर द ला लांग फ्रांसेझ’ या सोळा खंडांच्या शब्दकोशाची संगणकीय आवृत्ती. शब्दाचा इतिहास आणि साहित्यातली अवतरणे त्यात इतकी भरघोस आहेत की संहितेच्या विवरणाची निम्मी तयारी तेथेच होते. या दोन्हींचा परिचय आम्हाला तिसऱ्या वर्षी करून देण्यात आला. तो पहिल्या वर्षी द्यायला हवा.

संस्कृतीच्या विषयाचे वाचन म्हणजे सनावळी आणि सरकारी रचना. पाचवे प्रजासत्ताक 1958 पासून, धर्म आणि राज्यसंस्था यांना विभक्त करणारा कायदा 1905 चा, फ्रेंच भाषेचे नियम पाहणाऱ्या अकादेमी फ्रांसेझची स्थापना 1635 ची आणि तिची सदस्यसंख्या 40. ही माहिती बरोबर आहे, ती पाठ करून चांगले गुणही मिळतात, परंतु वर्गात तिचे काही घडत नसे. अपवाद ठरली ती एका पाहुण्या अध्यापिकेची दोन व्याख्याने. त्यांनी 1539 चा विलेर-कोत्रेचा राजादेश घेतला, ज्याने न्यायालयीन व्यवहारात लॅटिनला बाजूला सारून फ्रेंच आणली, आणि तेथून त्या थेट 1794 मध्ये आबे ग्रेग्वार यांनी क्रांतिकारक संसदेपुढे मांडलेल्या अहवालावर आल्या. तोपर्यंत देशात शुद्ध फ्रेंच बोलणारे तीस लाखांहून अधिक नाहीत, असे त्या अहवालात म्हटले होते. बाकीचे ब्रेतों, ऑक्सितान, बास्क, अल्सेशियन आणि इतर बोली बोलत होते. त्या बोली नष्ट करून सर्वांची भाषा एक करावी, ही त्या अहवालाची मागणी होती, आणि 1881-82 च्या ज्यूल फेरीच्या शिक्षण कायद्यांनंतर शाळांनी ते काम मोठ्या प्रमाणात तडीस नेले. पहिल्या वर्षी ज्या लेखी, नियमबद्ध फ्रेंचला मी ‘फ्रेंच’ समजत होते, ती कोणी, केव्हा आणि कोणाच्या भाषा मोडून घडवली हे मला त्या दोन व्याख्यानांत कळले. संस्कृतीचा सगळा विषय याच एका धाग्यावर उभा करता आला असता.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरच्या सत्रात, परीक्षेला पाच आठवडे उरलेले असताना, फ्रान्सबाहेरच्या फ्रेंच साहित्याला चार तासिका मिळाल्या. त्यात मार्तिनिकचे कवी सेझेर आणि सेनेगलचे कवी सेंघोर यांचे एकेक पान झाले, आणि आयव्हरी कोस्टचे कादंबरीकार आमादू कुरुमा यांच्या पहिल्या कादंबरीचा आरंभ झाला. ‘स्वातंत्र्यांचे सूर्य’ अशा अर्थाच्या शीर्षकाची ही कादंबरी 1968 मध्ये कॅनडातल्या मोंत्रेआलमध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. पॅरिसची आवृत्ती त्यानंतर, 1970 मध्ये आली. कुरुमा यांनी आपल्या मालिंके भाषेची वळणे फ्रेंच वाक्यात आणली आहेत. पहिल्याच वाक्यात एक माणूस मरण पावल्याचे सांगताना ते ‘मरणे’ हे क्रियापद वापरत नाहीत, ‘संपणे’ हे वापरतात. आमच्या आवृत्तीत त्या शब्दावर तळटीप होती, कारण प्रमाण फ्रेंचच्या वाचकाला तो अडतो. वर्गातल्या आम्हा मराठी बोलणाऱ्यांना मात्र तळटीप लागली नाही. ‘तो संपला’ हे आम्ही घरी ऐकलेले होते. प्राध्यापकांनी ते ओळखले, पुस्तक मिटले आणि उरलेला अर्धा तास आम्हाला ते पान मराठीत आणायला दिला. तीन वर्षांत असे भाषांतर आम्ही केवळ त्या एका दिवशी केले. त्या चार तासिका दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात, पासे सँपलच्याही आधी घ्याव्यात, एवढी एकच मागणी मी प्रतिसादपत्रात दोनदा लिहिली आहे.